पाठमोरी, खुनाची आणि जाडी

त्या रविवारी सकाळी ताशेरेरावांनी ठरवलं, की आज बसून तीन कादंबऱ्या वाचायच्या आणि संध्याकाळी चारचौघांत त्यांची सालं काढायची. बास, एवढंच. रविवारी माणसं याहून घातक गोष्टी ठरवतात. कुणी माळा आवरायला काढतं, कुणी बायकोच्या भावाला जेवायला बोलावतं. पण तसं काही केलं असतं तर ताशेरेरावांची निदान अब्रू तरी शाबूत राहिली असती.

ताशेरेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते हिशेबतपासणी खात्यात होते. दुसऱ्यानं केलेल्या कामावर लाल शाईनं ताशेरे ओढायचे, याचा त्यांना पगार मिळे; आणि घरी आल्यावर तेच काम ते बिनपगारी करत. आमटीतलं मीठ, शेजाऱ्यांची मुलं, जिन्यातला दिवा, हवामानाचा अंदाज, काहीही त्यांच्या तपासणीतून सुटत नसे. ऑफिसात कुणीतरी चिडून हे नाव पाडलं आणि ते यथावकाश इमारतीत पोचलं. (त्यांची स्वतःची समजूत अशी, की ही एक पदवी आहे.)

या सगळ्याचं मूळ होतं बायकोचं वाचनमंडळ. सात-आठ बायका महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमत, नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलत, चहा पीत आणि समाधानानं घरी जात. मागच्या महिन्यात बायकोला न्यायला म्हणून ताशेरेराव एका घरी गेले असताना ही मंडळी रंगात आली होती. एक बाई डोळे पुसत म्हणत होती, "अगं, त्या शेवटच्या पानाला मला हुंदकाच फुटला." ताशेरेरावांना राहवलं नाही. दारात उभ्या उभ्या ते म्हणाले, "हल्लीच्या कादंबऱ्या म्हणजे रद्दीवाल्याचं दुकान. छापखान्यातून थेट त्याच्याकडेच पाठवल्या तर वाचकांचा त्रास तरी वाचेल."

मग खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हे शाळेलाच कळलं होतं. बाईंना अजून कळलं नव्हतं.

"आपण यातली कुठली वाचलीत?"

"वाचायची काय गरज? वासावरून कळतं."

"असं उत्तर देणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं करत असे," बाई म्हणाल्या. "पुढची बैठक तुमच्याच घरी आहे. या वर्षी सगळ्यांत जास्त खपलेल्या तीन कादंबऱ्यांवर तुम्ही बोला. मात्र वाचून."

"वाचून काय, पाठ करून बोलतो!" ताशेरेराव गरजले. बायको काहीच बोलली नाही. (बायको गप्प बसली की ताशेरेराव त्याचा अर्थ संमती असा घेत. तपासनीस म्हणून त्यांची ही सर्वांत जुनी चूक.)

महिनाभर पुस्तकं तशीच पडून राहिली, कारण तपासणीचं काम शेवटच्या दिवशी करायचं ही खात्याची परंपरा. आणि मग तो रविवार उजाडला.

"अहो, मी ताईकडे जाऊन येते," भली मोठी पिशवी काखोटीला मारून बायको म्हणाली. "आपल्याकडे धड एकसारख्या चार कपबशा नाहीत. तिच्याकडून आणते. मशीनमध्ये चादरी टाकल्यायत, तेवढं बटण दाबा. पण आधी मागचा पाइप मोरीत सोडा. काय सांगितलं?"

"पाइप मोरीत."

"आणि मगच?"

"मगच बटण. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बायकोनं या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळलं आणि ती जिना उतरून गेली.

ताशेरेरावांनी पहिली कादंबरी उचलली. मुखपृष्ठावर समुद्राकडे बघत उभी असलेली एक पाठमोरी बाई. दुसरी उचलली. तिच्यावर धुक्याकडे बघणारी पाठमोरी बाई. तिसरीवर खिडकीबाहेर बघणारी. "बरोबर आहे," ते स्वतःशीच म्हणाले, "असल्या पुस्तकावर तोंड दाखवायची लाज कुणालाही वाटणारच." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की संध्याकाळच्या भाषणाची सुरुवात त्यानंच करायची हे त्यांनी पक्कं केलं. ओळखायला सोपं जावं म्हणून त्यांनी पुस्तकांना नावं ठेवली: पाठमोरी, खुनाची आणि जाडी. (नावं ठेवणं हा त्यांचा हातखंडा.)

'पाठमोरी'त एक बाई मोठी नोकरी सोडून समुद्रकाठी राहायला जाते आणि स्वतःला शोधते. "स्वतःला शोधायला दोनशे पानं?" ताशेरेराव आढ्याला उद्देशून म्हणाले. "आमच्या ऑफिसात हरवलेली फाइलसुद्धा याहून लवकर सापडते." बाईला पानापानावर भरून येत होतं. सूर्य उगवला की भरून यायचं, मावळला की भरून यायचं, मधल्या वेळात कुत्रं दिसलं तरी भरून यायचं. ती खाते काय, भाडं कुठून देते, याचा मात्र पत्ता नाही. ताशेरेरावांनी मधली शंभर पानं एका दमात उलटली आणि शेवटी बाई समुद्राकडेच बघत उभी आहे अशी खात्री करून घेऊन पुस्तक मिटलं. "शून्य प्रगती," त्यांनी निकाल दिला.

'खुनाची' तर त्याहून वरचढ. तिच्यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दारावर टकटक व्हायची. दार उघडावं तर पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला दूधवाला. पुन्हा टकटक, तर पोस्टमन. "खून राहू दे बाजूला, आधी त्या माणसाला एक बेल बसवून द्या!" ताशेरेराव ओरडले. तिच्यातला इन्स्पेक्टर झोपत नव्हता, जेवत नव्हता, दाढी करत नव्हता. त्याची बायको त्याला सोडून गेली होती आणि लेखकाला याचं नवल वाटत होतं. खुनी कोण हे त्यांनी पन्नासाव्या पानावर ओळखलं. तो माणूस साठाव्या पानावर मेला. तेव्हा "लेखकाला खुनी कोण हेच नीट कळलेलं नाही," असा शेरा देऊन त्यांनी तेही पुस्तक बाजूला सारलं.

राहिली 'जाडी'. ती उशाला घेता आली असती एवढी जाड होती. दोन बहिणी आणि त्यांचं शिवणकामाचं दुकान. "आता शिवणकामात उसवणं आलं, टाके आले, म्हणजे आयुष्याची वीण उसवणार," असं म्हणत ताशेरेरावांनी नाक मुरडून सुरुवात केली, आणि चौथ्याच पानावर आयुष्याची वीण उसवली. त्यांना फार आनंद झाला. पण मग गोष्ट जरा बिघडली. त्यातली थोरली बहीण तोंडाची फटकळ, कामाला चोख, दुसऱ्याचं कापड इंचभर कमी भरलं तरी बोलून दाखवणारी. इमारतीत सगळे तिच्या नावानं बोटं मोडत, पण तिचं चुकतच नसे. उभ्या आयुष्यात ताशेरेरावांना पहिल्यांदाच पुस्तकात एक समंजस माणूस भेटलं. आणि धाकटी होती खुळी, हसरी, कुणावरही भाळणारी. तिच्यासाठी थोरली रात्रंदिवस मशीन चालवत होती.

मशीन! ताशेरेरावांना चादरी आठवल्या. पुस्तकात बोट घालून ते उठले, मोरीपाशी गेले, बटण दाबलं, आणि पान सोडवेना म्हणून तिथलंच उंच स्टूल ओढून, पाय वर घेऊन तिथंच बसले. पाइपाची आठवण त्यांना झाली नाही. कशी होणार? धाकटीच्या आयुष्यात त्याच वेळी एक फोटोग्राफर आला होता.

माणूस कसला, मिशीला तेल लावलेला भामटा. "तुझा चेहरा कॅमेऱ्यासाठीच घडलाय," म्हणे. ताशेरेरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि धाकटी विरघळली की हो! पुढे काय होतं या घाईत ताशेरेरावांनी मधलं एक प्रकरण सरळ उलटून टाकलं. पाणी मशीनमागून निघालं, मोरीच्या उंबऱ्याबाहेरूनच वळून स्वयंपाकघरात शिरलं, ताशेरेरावांच्या चपला तरंगवत बैठकीच्या खोलीकडे निघालं. आणि इकडे धाकटी हातात पिशवी घेऊन दारात उभी राहिली. थोरली तिच्यापुढे हात जोडत होती. थोरली! कुणापुढे मान न वाकवणारी! ताशेरेरावांच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला.

"जाऊ नकोस!" ते ओरडले. "अगं, ऐक माझं, जाऊ नकोस! तो फोटोग्राफर भामटा आहे! फसवेल तुला!"

मोरीची खिडकी उघडी होती, आणि खालच्या मजल्यावर मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या मोरीत छताला आलेल्या ओलीकडे मान वर करून पाहत होत्या. हे शब्द थेट त्यांच्या कानात पडले. सकाळीच त्यांनी ताशेरेरावांच्या बायकोला मोठी पिशवी घेऊन घाईघाईनं जिना उतरताना पाहिलं होतं. बाईंनी दोन्ही गोष्टींची बेरीज केली. गणित हा त्यांचा विषय नव्हता.

तळमजल्यावर नळ दुरुस्त करत असलेल्या प्लंबरला घेऊन त्या वर आल्या तेव्हा ताशेरेराव पाण्यात घोट्यापर्यंत उभे होते. बेल वाजल्यावर ते स्टुलावरून उतरले, पाय थंडगार पाण्यात पडले, पुस्तक वाचवायला म्हणून पान मुडपून त्यांनी ते कपाटाच्या डोक्यावर ठेवलं, आणि तसंच दार उघडलं. डोळे लाल, नाक लाल, आवाज गेलेला.

"अगंबाई," मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या. "वहिनी कुठे आहेत?"

"गेली," ताशेरेराव नाक ओढत म्हणाले.

"कधी यायच्या?"

"काय सांगावं? तिकडे गेली की तिला माझी आठवण कुठली राहायला!"

"म्हणजे... याआधीही गेल्या होत्या?"

"दर महिन्याला जाते."

प्लंबरच्या हातातला पाना पाण्यात पडला.

"आणि तुम्ही जाऊ देता?" बाईंचा आवाज चिरकला.

"मीच सांगतो, जा म्हणून. मलाही घरी जरा शांतता मिळते."

प्लंबरनं मुकाट्यानं वाकून पाइप मोरीत सोडला, मशीन बंद केलं आणि ताशेरेरावांच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "साहेब, त्या फोटोग्राफरला सोडू नका," तो म्हणाला. "कोपऱ्यावरचाच ना?"

तेव्हा कुठे ताशेरेरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड उघडून ते "अहो, ते तर कादंबरीतलं—" असं म्हणणार होते. पण त्यांची नजर बाईंच्या चष्म्यावर गेली. संध्याकाळी याच बाईंसमोर उभं राहून ते कादंबऱ्यांची सालं काढणार होते. आणि आता सांगायचं काय? की सगळ्यांत जास्त खपलेली, सातशे पानांची, मुखपृष्ठावर पाठमोरी बाई असलेली कादंबरी वाचताना मी ढसाढसा रडत होतो? एका पारड्यात बायकोची अब्रू, दुसऱ्यात त्यांचं वाचक म्हणून नाव. (कुठलाही भला नवरा क्षणभरही घुटमळला नसता. ताशेरेरावही घुटमळले नाहीत.) त्यांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

अर्ध्या तासात अख्खं वाचनमंडळ हजर झालं. बैठक संध्याकाळची होती. पण अशा बातमीला वेळेचं बंधन नसतं. बायकांनी पदर खोचून पाणी निपटलं, चादरी पिळल्या, ताशेरेरावांना कोरड्या खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला. आणि मग सांत्वन सुरू झालं.

"जे झालं ते वाईटच," बँकेत काम करणारी बाई म्हणाली. "पण ती इतकी वर्षं टिकली कशी, याचंच मला कौतुक वाटतं."

"मी तिला म्हटलं होतं," नर्स म्हणाली, "की बाई गं, आमच्या दवाखान्यातसुद्धा पेशंट जेवताना दर घासाला नावं ठेवत नाहीत. आणि आमचं जेवण ते तसलं."

"एकदा त्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रातलं शुद्धलेखन सुधारलं होतं."

"तिनंच यांना दिलेल्या?"

"छे, यांनी तिला दिलेल्या! छापलेल्या मजकुरात."

ताशेरेराव चहात बघत बसले. चहात साखर कमी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात प्लंबर धापा टाकत आला. "स्टुडिओचं शटर बंद!" त्यानं जाहीर केलं. खोलीभर "अरेरे" झालं. "पण माणूस मिळाला. न्हाव्याकडे लपला होता." आणि त्यानं दंडाला धरून कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरला आत ओढलं. बिचाऱ्याच्या गळ्याभोवती टॉवेल होता, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर फेस.

"काय चाललंय काय?" फोटोग्राफर किंचाळला. "रविवारी माणसानं दाढीसुद्धा करायची नाही?"

"वहिनी कुठे आहेत?" बाईंनी शाळेतला आवाज काढला.

"कुठल्या वहिनी? या साहेबांच्या? अहो, मागे मी त्यांचा ओळखपत्रासाठी फोटो काढला, त्यात त्यांचे डोळे मिटलेले आले. तेव्हापासून त्या मला रस्त्यात ओळख देत नाहीत! पळून कुठल्या जातायत माझ्याबरोबर?"

"मग हे फोटोग्राफर फोटोग्राफर म्हणून का रडत होते?"

सगळ्यांच्या माना ताशेरेरावांकडे वळल्या. आणि नेमक्या त्याच वेळी दारात कपबशांची किणकिण झाली.

काखेत पिशवी घेतलेली बायको उंबऱ्यात उभी होती. तिनं ओली फरशी पाहिली, पिळलेल्या चादरी पाहिल्या, आपल्या मैत्रिणी, प्लंबर आणि अर्धी दाढी झालेला फोटोग्राफर पाहिला.

"पाइप मोरीत सोडला नाहीत ना?" ती म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाईंनी धावत जाऊन तिला मिठी मारली. "आलीस! परत आलीस! झालं गेलं विसर बाई."

"काय विसरू? मी ताईकडे गेले होते कपबशा आणायला."

"आम्हाला सगळं कळलंय," नर्स तिचा हात दाबत म्हणाली. "यांनी काहीच लपवलं नाही."

"काय नाही लपवलं?" बायको ताशेरेरावांकडे वळली. ती फार शांत दिसत होती. ताशेरेरावांना ती शांतता ओळखीची होती. मागच्या वेळी ती पंधरवडाभर टिकली होती. त्यांचा चहा बशीत सांडला. आता पर्याय उरला नव्हता. ते उभे राहिले, घसा साफ केला, आणि मान वर न करता म्हणाले, "मी कादंबरी वाचत होतो. त्यात एक धाकटी बहीण आहे. ती एका फोटोग्राफरबरोबर निघाली होती. मला... मला राहवलं नाही."

कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. हे फार भयंकर होतं.

"बघा हं," बँकेतली बाई गहिवरून म्हणाली, "बायकोची अब्रू झाकायला माणूस काय काय सांगतो!"

"मी खरं सांगतोय!"

"तुम्ही आणि कादंबरी वाचून रडणार?" मुख्याध्यापिकाबाईंनी मान हलवली. "बनाव छान आहे. मोठ्या मनाचे आहात. पण हे कोण खरं मानेल?"

"अहो, पण मी कुठेही गेले नव्हते!" बायको म्हणाली.

"हो गं, नव्हतीस," नर्स तिची पाठ थोपटत म्हणाली, आणि प्लंबरनंही समजूतदारपणे मान डोलावली. फोटोग्राफर मात्र हटून बसला. "ते काही नाही. उद्या दुकान उघडायचंय मला. खरं असेल तर साहेबांनी आत्ता, इथं, रडून दाखवावं."

बायकोनं खोलीभर नजर फिरवली, कपाटाच्या डोक्यावरचं पुस्तक काढलं, मुडपलेलं पान उघडलं आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं. "वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

"या सगळ्यांसमोर?"

"त्यांच्यासमोर मी पळून गेलेली चालले ना तुम्हाला? आता वाचा."

ताशेरेरावांनी चष्मा लावला. कोरडेपणानं वाचायचं, असा त्यांचा निर्धार होता. ऑफिसातल्या अहवालासारखं, सपाट. "धाकटी दारात उभी होती," त्यांनी सुरुवात केली. "भाषा साधारण," त्यांनी सवयीनं जोडलं. "थोरली पुढे आली. तिच्या बोटात अजून सुई होती." त्यांनी घसा खाकरला. "ती म्हणाली, जाऊ नकोस. तुझा निळा झगा अजून व्हायचाय. त्याची एक बाही..." इथं अक्षरं हलायला लागली. "एक बाही अजून..." नाकातून तोच चमत्कारिक आवाज निघाला. "अजून जोडायची आहे गं—" आणि ताशेरेराव पुस्तकात तोंड घालून हमसाहमशी रडू लागले.

आता शंकेला जागा उरली नाही. असं रडणं कुणाला सोंग म्हणून जमणार नव्हतं. नर्सनं रुमाल काढला, प्लंबरनं बाहीनं नाक पुसलं. फोटोग्राफरनं गळ्यातला टॉवेल सोडून त्यांच्या हातात दिला.

"माझी चूक झाली," मुख्याध्यापिकाबाई बायकोला म्हणाल्या. मग ताशेरेरावांकडे बघत त्यांनी कबूल केलं, "वाचक म्हणून मी तुम्हाला फार कमी लेखलं."

बायको एवढा वेळ हाताची घडी घालून उभी होती. तिनं हे पुस्तक दोनदा वाचलं होतं. "पान उलटा," ती म्हणाली.

"नको," ताशेरेराव टॉवेलातून म्हणाले. "माझ्यानं बघवणार नाही."

"उलटा हो."

त्यांनी पान उलटलं आणि वाचलं: "'छान!' मास्तर टाळी वाजवून म्हणाले. 'दुसरा अंक चांगला बसलाय. पिशवी जरा उजव्या हातात घे, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही दिसेल. चला, चहा घ्या सगळ्यांनी.'"

खोलीत कुणालाच काही कळेना.

"नाटकाची तालीम आहे ती," बायकोनं सांगितलं. "दोघी बहिणी नाटकात काम करतायत. मागच्याच प्रकरणात आहे सगळं. तुम्ही पानं गाळत वाचलीत ना?"

मग जे हसणं उसळलं, ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. बँकेतल्या बाईला ठसका लागला, प्लंबर भिंतीला टेकून खाली बसला, फोटोग्राफरच्या गालावरचा उरलासुरला फेस उडाला. मुख्याध्यापिकाबाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. शाळा सोडल्यापासून त्या एवढ्या हसल्या नव्हत्या. एकटे ताशेरेराव त्या पानाकडे एकटक बघत होते.

"म्हणजे," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "धाकटी जात नाही?"

"नाही," बायको म्हणाली.

"त्या माणसाबरोबर?"

"कुणाबरोबरच नाही."

"नक्की?"

"नक्की."

ताशेरेरावांनी पुस्तक छातीशी धरलं, बायकोकडे पाहिलं, आणि एवढ्या सगळ्या माणसांच्या देखत, सुटकेच्या आनंदानं, पुन्हा पहिल्यापासून रडायला सुरुवात केली.